मोठीआईचा पिस्ता

माझ्या मोठीआईनं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या बायकोनं, उभ्या जन्मात एक पिस्ता तरी खाल्ला असेल का, मला शंका आहे. पण आमचं अख्खं घर तिनं पिस्ता करून ठेवलं होतं. ओटी पिस्ता, माजघर पिस्ता, देवघर पिस्ता, स्वयंपाकघर पिस्ता, आणि मागची आमची अंधारी खोली, तीसुद्धा पिस्ता. खाली कमरेएवढा चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा, कारण पोरांचे हात लागतात. पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, तरी पट्टा तसाच. मी एकदा म्हटलं होतं, "मोठीआई, आता घरात कुणाचे हात लागतायत?" तर म्हणाली, "तुझं तोंड लागतंय ना, तेवढं बास हाय."

तिच्या तेराव्याला गाव लोटलं होतं. जो तो तिचं कौतुक करत होता. बाई कशी होती, घर कसं एका मुठीत ठेवलं, डोळा कसा तयार होता. मी पंगतीत वाढत होते आणि ऐकत होते. पलीकडच्या आळीतल्या एका म्हातारीनं माझा हात धरला आणि विचारलं, "तुला तर लई लळा असंल तिचा, न्हाय गं?" मी म्हटलं, "आमटी वाढू का अजून?" लळा कसला डोंबलाचा! मला ती बाई आवडत नव्हती. आजही आठवली की माझं डोकं फिरतं. तिच्याबद्दल गोड बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांनी बोलावं. मी जे पाहिलं ते सांगते.

दिसायला उंच, काटक, नाकात मोरणी, नऊवारी कधी सुटली नाही. चालताना हात मागे बांधायची. कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांकडे बघायचीच नाही, भिंतींकडे बघायची. मग सगळ्यांदेखत उजव्या हाताचा अंगठा जिभेला लावायची आणि तो ओला अंगठा भिंतीवर घासायची. अंगठ्याला पांढरं लागलं की यजमानणीच्या नाकासमोर धरायची. "डिस्टेंपर हाय, स्वस्तातला. मी म्हनलं, एवढं चमकतंय कशानं!" लग्न असो, बारसं असो, कुणाच्या मयताला गेलेली असो, अंगठा चुकायचा नाही. एका घरी तर गेलेल्या माणसाच्या फोटोखालीच तिनं अंगठा घासला. त्या बिचाऱ्या विधवेला वाटलं, फोटोला हात लावून नमस्कार करतेय. ती अजूनच रडायला लागली.

रंगांना तिची स्वतःची नावं होती आणि बहुतेक सगळी शिवी दिल्यासारखी. जांभळा म्हणजे "खराब वांगं". फिका निळा म्हणजे "दवाखाना". गुलाबी म्हणजे "तमाशाचा तंबू". राखाडी तिच्या लेखी रंगच नव्हता. आमच्याकडे हल्ली मुंबईच्या लोकांनी फार्महाऊसं बांधलीत, त्यातल्या एका बाईनं वास्तुशांतीला गावातल्या बायकांना बोलावलं होतं. घर सुरेख होतं, पण भिंती मुद्दाम उघड्या सिमेंटच्या ठेवल्या होत्या, तशी फॅशन आहे. मोठीआई दारात उभी राहिली, सगळीकडे नजर फिरवली आणि अगदी कळवळून म्हणाली, "गिलाव्यावाला मधीच पळाला काय वो तुमचा?" ती मुंबईची बाई खो खो हसली. मीही हसले. एवढं एकदाच मला मोठीआई आवडली असेल.

रंग आणायला ती खोपोलीला जायची, आणि त्या दुकानातलं शेडकार्ड म्हणजे तिचा शत्रू. "कागदावरचा रंग कागदाला. भितीला नाय." ती घरून पिशवीत अख्खी कैरी आणि सुरी घेऊन जायची. आधी म्हणे एकदा घरूनच फोड कापून नेली होती, तर खोपोलीपर्यंत ती काळी पडली. तेव्हापासून कैरी काउंटरवरच कापायची. मी एकदा सोबत होते. दुकानदार तरुण होता, नवाच बसला होता गादीवर. हिनं काचेवर कैरी ठेवली, खचकन कापली, कोय न धरलेली कोवळी, आणि फोड त्याच्या पुढे धरून म्हणाली, "हे. सालीचा नाय. सालीच्या आतला. वरून दुसरा." तो म्हणाला, "मावशी, याला आपल्याकडे नंबर आहे." "नंबर तुझ्या मोटरसायकलला असू दे. तू मला ह्यो रंग दे." त्यानं गुपचूप मशीनवर रंग करून दिला. काउंटरला चीक लागला तो पुसायलाही ती थांबली नाही. उरलेली कैरी मात्र परत पिशवीत टाकली, संध्याकाळी तिचं लोणचं घातलं.

आता या सगळ्याची गंमत वाटेल कुणाला. लांबून वाटतेच. आमच्या समोरच्या कुंदाला विचारा. कुंदाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी घर रंगवायला काढलं. पोरीनं हट्ट करून समोरची खोली अबोली करून घेतली होती. फार छान दिसत होती ती खोली, संध्याकाळचं ऊन आत आलं की सगळ्यांचे चेहरे उजळायचे. हळदीच्या आदल्या दिवशी मोठीआई बघायला गेली. अंगठा घासला, मागे सरकली, मान वाकडी केली आणि म्हणाली, "रंग ब्येस हाय. पन हळद लागलेली पोर या भितीपुढं हुबी रायली की कावीळ झाल्यागत दिसंल. नवऱ्याकडची मानसं इचारतील, पोर आजारी हाय का." झालं. घरात बायका कुजबुजायला लागल्या. कुंदाच्या आईचा धीर सुटला. रंगाऱ्याला परत बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी पोरीला हळद लागली ती पिस्ता भिंतीपुढे. वासानं तिचं डोकं दुखत होतं. लग्नाच्या अल्बममध्ये तिचे डोळे लाल दिसतात, आणि ते सासरी जायच्या दुःखानं नाहीत. मोठीआई त्या लग्नात पुढच्या पंगतीला बसून जेवली.

लोक तिचं का ऐकायचे? त्याला कारण आहे, आणि ते आमच्या गावाबाहेरच्या माणसाला सांगावंच लागेल. आमचं गाव लोधिवलीच्या पुढे, जुन्या हायवेपासून जरा आत. घरं लांबलचक, एका आढ्याखाली दोन-दोन, तीन-तीन भाऊ. भाऊ वेगळे झाले की आमच्याकडे घर पाडत नाहीत, भिंतही लगेच घालत नाहीत. आधी रंग बदलतात. एकाच ओटीची अर्धी भिंत निळी, अर्धी पिवळी, मधून रेघ. गावात 'वाटण्या झाल्या' असं कुणी म्हणत नाही. 'त्यांचे दोन रंग झाले' म्हणतात. मुलगी द्यायला आलेला माणूस आधी बाहेरून रंग बघतो आणि मग पाणी पितो. दोन रंगांचं घर म्हणजे तिथे भांडण झालेलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक.

आणि हे कोलीत मोठीआईच्या हातात होतं. घरात रंगाबद्दल कुणी ब्र काढला की ती एकच वाक्य टाकायची, "घराचं दोन रंग करायचं हाय का तुला?" बस्स. अण्णा, म्हणजे माझे मोठे काका, खाली मान घालून तंबाखू मळायचे. बाबा "तसं नाय वयनी, तसं नाय" म्हणत उठून जायचे. माझ्या बाबांना मी फार मानते, पण वयनीपुढे त्यांची बोबडी वळायची ती वळायचीच. खोपोलीच्या कारखान्यात युनियनच्या सभेत भाषणं ठोकणारा माणूस! घरी आला की वयनी.

माझ्या आईला एक खोली पिवळी हवी होती. एवढंच. तिला दागिना नको होता, माथेरान-महाबळेश्वर नको होतं. आमची मागची खोली, जिथे तिचं शिलाईचं मशीन, तिला सोनचाफ्याचा पिवळा हवा होता. ती माहेरची कर्जतकडची, तिच्या माहेरच्या अंगणात सोनचाफा होता. पण नुसती हौस नव्हती. ती खोली उत्तरेला, खिडकीसमोर गोठ्याची भिंत, आणि आत हा कैरीचा हिरवा न् खाली चॉकलेटी पट्टा. भर दुपारी दिवा लावून बसावं लागायचं. आई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची. मी शाळेत गेलेली असले की दोरा तसाच ओठात धरून बसायची.

दर वेळी रंग काढायचा झाला की ती विचारायची. आवाज इतका बारीक की मलाच राग यायचा. "अक्का, आवंदा मागची खोली जरा पिवळी करू या का? उजेड व्हईल." मोठीआई म्हणायची, "उजेड खिडकीतनं येतो, रंगातनं नाय. आनि एका घरात दोन रंग? लोकं काय म्हनतील?" "आतल्या खोलीत कोन बघतंय अक्का?" "मी बघते." आई परत मशीनवर बसायची. मी एकदा न राहवून मध्ये पडले, की ती खोली आईची आहे. मोठीआईनं माझ्याकडे बघितलं. "खोली कुनाची नसती, शहाने. घर असतं." बघा, बोलायला कशी! ऐकणाऱ्याला वाटावं, काय थोर विचार आहेत. तिच्या स्वतःच्या खोलीची खिडकी दक्षिणेला होती, चांगली दोन झडपांची.

मग आईच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. सगळं तिला मळकट दिसायला लागलं. एक दिवस तिनं कुणाच्या तरी लाल ब्लाउजला हिरव्या दोऱ्यानं हुक लावले आणि ती बाई परत घेऊन आली. आई त्या ब्लाउजकडे बघत बसली. तिला तो फरक कळत नव्हता. बाबा दारात उभे होते, त्यांनी ते पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बाबांना कंठ फुटला. जेवताना वयनीला म्हणाले, "पनवेलला डोळ्याचं आपरेशन करायचं ठरलंय. त्याच्या आधी मागची खोली पिवळी करून घेतो. हरीला सांगितलंय." मोठीआईनं घास खाली ठेवला. मग ती म्हणाली, "करा. मी कोन?" ती 'मी कोण' म्हणाली की समजायचं, आता काही खरं नाही.

हरी पेंटर गावातलाच, हसरा, बोलका माणूस. त्यानं खोली केली, चॉकलेटी पट्ट्यासकट सगळी. दार उघडलं की आत दिवा लागल्यासारखं वाटायचं. आई भिंतीजवळ जाऊन उभी राहिली, हात फिरवला. म्हणाली, "मला अजून मळकाच दिसतोय गं, चहा सांडल्यागत. पन डोळा झाला की नीट बघीन." मला म्हणाली, "तू सांग कसा दिसतोय." मी सांगितलं. तिनं परत सांगायला लावलं.

पण हरीनं उत्साहाच्या भरात एक घोळ घातला होता. खिडकीच्या आतल्या कडा रंगवता रंगवता त्यानं बाहेरची कडही पिवळी करून टाकली. वीतभर पट्टी असेल. बाहेरची भिंत पिस्ता आणि त्यात ही पिवळी चौकट. आणि आमच्या घरामागूनच, घर आणि गोठ्याच्या मधून, शेतावर जायची पायवाट आहे. सकाळी गावातले चार लोक तिथून गेले, आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत गावभर झालं, की आमचे दोन रंग झाले.

आधी दूधवाला आला. दारात किटली धरून अवघडून उभा. "वयनी, दूध आता दोन ठिकानी घालू काय?" मोठीआई ओटीवर बसली होती, तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग बचत गटाच्या बायका आल्या, आईला बाजूला घेऊन विचारायला लागल्या, "चूल कुठं मांडलीस गं? आमाला सांगायचं तरी." आई म्हणत होती, "काय नाय वो, खिडकी रंगवलीय," आणि त्या माना हलवत होत्या, की समजलं आम्हाला, नको सांगू. दुपारी बाबांचे मामा साजगावहून रिक्षा करून आले. वाटण्या करायला मामा लागतो. ते आले ते सरळ माजघरात जाऊन भांड्यांच्या फडताळापुढे उभे राहिले. बाबा म्हणाले, "मामा, काय झालेलं नाय. नुसती खिडकी हाय." मामा म्हणाले, "खिडकीपास्नंच सुरू होतं रं, बाळा." आणि पितळी हंडा कुणाचा, असं विचारू लागले.

मला हसू आवरत नव्हतं. मोठीआई मात्र उठली, ओटीच्या कडेला आली आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला इचारा की! मी मेले नाय अजून. या घराला म्या सून होऊन आले तवा ह्या आशीचा जलम पन झाला नव्हता. आता तिला माझ्या हातचं पानी कडू लागतंय. लागू दे. पन माझ्या जितेपनी दोन रंग व्हायचं नायत." आशी म्हणजे माझी आई, ती स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, जसं काही हिनं कुणाचं घर जाळलं. त्याच संध्याकाळी बाबांनी स्वतः खिडकीची ती बाहेरची कड पिस्ता केली. मला वाटलं, संपलं.

आई ऑपरेशनला पनवेलला गेली. धूळ नको, धूर नको, म्हणून डॉक्टरांनी काही दिवस तिथेच राहायला सांगितलं, मावशीकडे. मी सोबत होते. पट्टी काढली तेव्हा ती पहिल्यांदा मावशीच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "केवढा लाल हाय हा!" मग माझ्याकडे बघितलं आणि माझ्या गालावरचा डाग केव्हापासून आहे म्हणून विचारलं. तो लहानपणापासून आहे. तिला घरी जायची घाई झाली होती. दर थोड्या वेळानं म्हणायची, "खोली कशी दिसत असंल गं आता?" मावशी चिडवायची, "नवऱ्याची आठवण येत नाय, खोलीची येते!" आई लाजायची. तिला इतकी आनंदात मी त्याआधी बघितली नव्हती.

आम्ही घरी आलो. काळा चष्मा घातलेली आई रिक्षातून उतरली, अण्णांना नमस्कार केला, अक्काला नमस्कार केला आणि सरळ मागच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं तरी तिनं चष्मा काढला.

खोली पिस्ता होती. खाली चॉकलेटी पट्टासुद्धा परत मारलेला, नवा, चकचकीत.

बाबा त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होते, त्यांनी म्हणे खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ओटीवरच झोपायचे. मी हरीला जाऊन धरलं. तो रडवेला झाला. "आगं, तुझ्या मोठीआईनं सांगितलं, आशीनंच निरोप धाडलाय पनवेलवरनं. घरात तंटा नको, पयल्यासारखी करून टाक, मी यायच्या आत. मी म्हनलं, तुझी आई स्वभावानं तशीच हाय, सांगितलं असंल." यात त्याची काय चूक? आईचा स्वभाव अख्ख्या गावाला माहीत होता, आणि मोठीआईनं नेमका तोच वापरला. मी आजवर पुष्कळ दुष्ट माणसं पाहिली, पण बाई डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेली असताना हे करायचं सुचणारी हीच एक.

मी ओटीवर येऊन जे तोंडाला येईल ते बोलले. मोठीआई सुपात तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "घर एक रायलं ना? मग झालं. तू लगीन करून जाशील, तुला काय." मी म्हटलं, "तुम्हाला लाज वाटत नाही का?" ती म्हणाली, "वाटली असती तर तुमचं घर कवाच मोडलं असतं." आणि तांदळातला खडा अंगणात फेकला.

आई खोलीतच बसली होती, मशीनपुढे, चष्मा हातात. मला वाटलं रडत असेल. रडत नव्हती. ती भिंतीकडे अगदी बारकाईनं बघत होती. म्हणाली, "किती हिरवं हाय गं हे. एवढी वर्सं मी ह्याच्यात बसत होते?" मग म्हणाली, "बघ, ब्रशचं केससुद्धा चिकटलेत तिथं. दिसतायत मला."

बाबा कामावरून आले. हात जोडले त्यांनी आईपुढे, खरोखर जोडले. म्हणाले, "उद्या परत पिवळी करून देतो. मी स्वतः करतो." आईनं त्यांना पाणी दिलं. आणि जो आवाज मी जन्मात तिच्या तोंडून ऐकला नव्हता, त्या आवाजात म्हणाली, "खोली नको. दोन रंग करा."

बाबांनी समजावलं, मामांना फोन लावला, मामांनी समजावलं. अण्णा येऊन दारात उभे राहिले, आणि परत गेले. मोठीआई आली. म्हणाली, "एका खोलीच्या रंगापायी घर फोडतीस?" आई म्हणाली, "अक्का, मी रंगच मागत होते. घर तुमी मधी आनलंत."

आधी खोली परत पिवळी झाली. हरीनं पश्चात्तापानं दोन हात जास्त दिले. आई सकाळी उठून चहासुद्धा न घेता तिथे जाऊन बसली. बराच वेळ बसली. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "असं दिसतं होय हे!" मला त्या वेळी हुंदका आला, मी तो लपवला नाही. नंतर तिनं मशीनवर बसून सुईत दोरा ओवला, कुणालाही हाक न मारता.

मग बाहेरचं काम निघालं. मला दुसऱ्या दिवशी पुण्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. मोठीआई त्याच पावसाळ्यात गेली, तापाचं निमित्त होऊन, आणि मी आले ती तेराव्याला. त्यामुळे मी तिला शेवटची पाहिली ती त्या रंगकामाच्या सकाळी, ओटीसमोर.

हरी शिडीवर चढून, आढ्याच्या बरोबर खाली, निळीत बुडवलेल्या दोरीचं वरचं टोक धरून उभा होता. खालचं टोक आईनं धरलं होतं, उकिडवी बसून, काळा चष्मा लावून. जोत्यावर सोनचाफ्याची बादली होती, रेघेच्या आमच्या बाजूला. रस्त्यावर माणसं थांबली होती. बाबा लिंबाखाली तोंड फिरवून उभे. हरी म्हणाला, "कुनीतरी मधनं दोरी वढून सोडा, म्हंजे रेघ उठंल." कुणी पुढे येईना. मीच निघाले होते, तोवर मोठीआई तिच्या वाट्याच्या दारातून बाहेर आली.

"सरक," मला म्हणाली. हात मागे बांधून ती भिंतीपुढे उभी राहिली. एक डोळा मिटला, दोरी वरपासून खालपर्यंत बघितली. "आशे, डावीकडं घे. माझ्यात येतीयास." आईनं टोक सरकवलं. "आजून. बोटभर." आईनं सरकवलं. मोठीआईनं दोरीला चिमटा धरला. मग खाली न बघता म्हणाली, "दिसतंय का गं तुला नीट?"

आई म्हणाली, "दिसतंय अक्का. आता सगळं दिसतंय."

मोठीआईनं दोरी ओढली आणि सोडली. भिंतीवर निळी रेघ उठली, एकदम सरळ. तिनं बोटं पदराला पुसली आणि तिच्या दारानं आत गेली.